नर्सिंग शिकताना येणारा ताण: जबाबदारी सगळी, हाती काहीच नाही

सकाळचा हँडओव्हर संपतो. रात्रपाळीच्या सिस्टर निघून जातात, दिवसपाळीच्या कामाला लागतात आणि वॉर्डच्या मधोमध कोऱ्या गणवेशातली एक विद्यार्थिनी उभी राहते. कुठं उभं राहायचं हेच तिला कळत नसतं. भिंतीपाशी थांबावं तर "नुसती उभी काय राहिलीस?" पुढं व्हावं तर "तुला कोणी सांगितलं हात लावायला?" नऊ नंबरच्या कॉटवरचे आजोबा पाणी मागतात. द्यावं का? ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर? विचारायचं तर कोणाला?

नर्सिंगच्या मुलामुलींवर ताण असतो, हे सगळ्यांना मान्य असतं. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली: आजारपण बघावं लागतं, मरण बघावं लागतं, अभ्यास फार, झोप कमी. यातलं काहीच खोटं नाही. तरी या मुलांशी निवांत बोललं की ती आधी सांगतात ते वरच्या त्या दोन मिनिटांसारखं काहीतरी असतं. रुग्णाच्या दुःखानं ती हलतात, रडतातही. खचतात मात्र वेगळ्याच गोष्टीनं. सगळं अंगावर येऊन पडतं, ठरवता काहीच येत नाही, आणि मनात जे साचलंय ते बोलायला जागा नसते. मला या लेखात मुख्यतः तेच उलगडून सांगायचं आहे.

आधी ताण म्हणजे काय ते पाहू. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली त्याची जी मांडणी केली ती आजही उपयोगी पडते. त्यांच्या मते ताण फक्त प्रसंगात नसतो आणि फक्त माणसातही नसतो. प्रसंग समोर आला की मन दोन प्रश्न विचारतं. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? दुसरा, यावर मला काही करता येईल का? पहिल्याचं उत्तर "बरंच काही" आणि दुसऱ्याचं "काहीच नाही" असं आलं की ताण जाणवतो. म्हणून तीच ड्रेसिंगची ट्रॉली अनुभवी सिस्टरला रोजचं काम वाटते आणि पहिल्या वर्षाच्या मुलीच्या पोटात गोळा आणते. ती घाबरट आहे असा याचा अर्थ नाही. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून तयार व्हायचं आहे, इतकंच.

आता शरीराकडे येऊ, कारण विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते. पहिलं इंजेक्शन देताना हात थरथरतात, घशाला कोरड पडते, छाती धडधडते. मेंदूनं धोका ओळखला की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं. हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे जास्त रक्त जातं. अंग पळायला किंवा झुंजायला तयार होतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला बारीक सुई स्थिर धरायची असते. थरथर येते ती त्या तयारीतून. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं, पण त्याची चाल संथ. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी ते शिखरावर पोचतं. त्यामुळे इंजेक्शन नीट देऊन झालं, सिस्टरनं मान डोलावली, तरी पुढचा अर्धा तास अंगात अस्वस्थपणा उरतो. "झालं की सगळं, मग आता का घाबरतेयस?" या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

डोकं रिकामं पडतं, त्याचंही असंच. समजा, ३७५ मिलिग्रॅम औषध द्यायचं आहे आणि बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्यायचं? खोलीत वही घेऊन बसलं तर साडेसात हे उत्तर चटकन येतं. ट्युटर शेजारी उभ्या आहेत, रुग्णाचा मुलगा बघतोय, अशा वेळी तेच गणित सुटत नाही. आकडेमोड करताना मन ज्या जागेत आकडे मांडून ठेवतं ती जागा एखाद्या छोट्या टेबलाएवढी असते. "चुकलं तर काय होईल" हा विचार तिथं येऊन बसला की अर्धं टेबल त्यानंच व्यापलं जातं. म्हणून व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गप्प राहिलेल्या मुलीला काही येत नाही असं ठरवून टाकणं अन्यायाचं आहे. याच कारणानं पुतळ्यावरचा सराव "आता बास" वाटल्यानंतरही आणखी थोडा करावा. हाताला जे पक्कं येतं त्याला टेबलावर जागा लागत नाही.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही परीक्षेच्या ताणाला लागू पडेल. नर्सिंगचं वेगळेपण यापुढे आहे.

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली कामाच्या ताणाबद्दल एक साधा विचार मांडला. नुसतं जास्त काम माणसाला तितकं झिजवत नाही. काम खूप आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमानं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी झिजवते. नर्सिंगच्या विद्यार्थ्याइतकं याचं चपखल उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिला सांगणारे किती जण आहेत ते मोजा. वॉर्डच्या सिस्टर, इनचार्ज, ट्युटर, डॉक्टर, रुग्ण, रुग्णाचे नातेवाईक. सगळ्यांचं काम एकाच वेळी निकडीचं. तिच्या "नंतर करते"ला काही वजन नाही, कारण ती तर शिकायला आलीय. त्यात दोन घरचे दोन नियम. ट्युटरनं शिकवलेल्या क्रमानं ती ड्रेसिंग करायला जाते आणि वॉर्डात ऐकते, "पुस्तकातलं पुस्तकात, इथं एवढा वेळ नसतो." वॉर्डाप्रमाणे केलं तर ट्युटर गुण कापतात. मग केलेल्या कामांची नोंद ठेवायच्या लॉगबुकवरच्या सह्या. काम तिनं केलेलं असतं, पण ज्यांची सही हवी त्या सिस्टरची पाळी संपलेली असते, किंवा त्या घाईत असतात, किंवा "नंतर ये" म्हणतात. पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीच्या, शेवटच्या दिवशी लॉगबुक घेऊन वॉर्डावॉर्डात फिरणारी मुलं पाहिली की हाती काहीच नसणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. रात्री केअर प्लॅन (रुग्णाच्या काळजीचा आराखडा) आणि केस प्रेझेंटेशन लिहायचं असतंच.

मुलग्यांच्या वाट्याला यातलं सगळं येतं आणि वर थोडं निराळंही. स्त्रियांच्या वॉर्डात रुग्ण नकार देतात, जड रुग्ण उचलायचा असला की हमखास हाक मारली जाते, आणि डोळे भरून आले तर आपण कसे दिसू याची धास्ती मुलींपेक्षा जास्त असते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

१९६०च्या सुमारास लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाला एक अडचण छळत होती. शिकाऊ नर्सेस प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, जवळपास एक तृतीयांश. इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक तिथं अभ्यासासाठी गेल्या. मुली कच्च्या मनाच्या आहेत का, या प्रश्नात त्या अडकल्या नाहीत. रुग्णालयाची कामाची पद्धत अशीच का आहे, हे त्यांनी पाहिलं. त्यांना दिसलं ते असं. वेदना, घाण, उघडं शरीर, मृत्यू यांच्या इतक्या जवळ रोज राहणं कोणालाही जड जातं. ते जडपण टाळण्यासाठी संस्थेनं नकळत कामाची रीतच तशी घडवली होती. एका रुग्णाची पूर्ण काळजी एकीवर न सोपवता कामं तोडून वाटायची: एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांचे बेडपॅन. माणसाशी नातं जुळायच्या आत दुसऱ्या वॉर्डात बदली. रुग्णाला नावाऐवजी आजारानं आणि कॉटच्या नंबरानं ओळखायचं, म्हणजे "दहा नंबरचं लिव्हर". प्रत्येक गोष्ट ठरलेल्या विधीप्रमाणे, पुन्हापुन्हा तपासून. भावना आवरणारी ती चांगली नर्स.

मेन्झिस यांचा निष्कर्ष असा होता की या रीतीनं भीती जात नाही. ती आत तशीच राहते, फक्त तिच्याबद्दल बोलता येत नाही. उलट, ज्या समाधानासाठी मुली या पेशात आल्या ते समाधानही हातून जातं. एका माणसाला बरं होताना पाहणं, त्यानं आपल्याला नावानं हाक मारणं, आपल्यामुळे त्याला झोप लागली हे कळणं, यातलं काही उरत नाही. आणि ज्यांना रुग्णाबद्दल मनापासून वाटायचं त्यांनाही ही रीत असह्य होई. साठाहून अधिक वर्षं झाली. "दहा नंबरचं लिव्हर" ही भाषा किती वॉर्डांतून गेली आहे, हे वाचणाऱ्यांनी स्वतःच्या वॉर्डाकडे पाहून ठरवावं.

पहिला मृत्यू हे याचं उदाहरण म्हणून घ्या. तीन दिवस जिचं तोंड पुसलं, केस विंचरले ती बाई गेली. अंग अजून गार झालेलं नाही. सिस्टर मदतीला बोलावतात: नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, कापडात गुंडाळायचं. सगळं अर्ध्या तासात, फार आदरानं आणि नीट. मग हात धुवायचे आणि पुढच्या कॉटचा बीपी घ्यायचा. दुपारी वर्ग. वेळापत्रकात प्रत्येक कामाला रकाना आहे, या अर्ध्या तासानंतर जे वाटतं त्याला मात्र नाही. पाच मिनिटं कोणी बाजूला घेऊन "तू ठीक आहेस ना? पहिल्यांदाच पाहिलंस का?" एवढं विचारलं, तर मुलीच्या लेखी या घटनेला जागा मिळते. नाही विचारलं तर ती त्यातून एक धडा घेते: इथं असं काही वाटून घ्यायचं नसतं. हा धडा पुढं वर्षानुवर्षं टिकतो, आणि मग तीच सिस्टर झाल्यावर पुढच्या मुलीला काही विचारत नाही.

वॉर्डात आपलं स्थान असणं ही मग ऐषाराम वाटावी अशी गोष्ट राहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स यांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमधल्या आपलेपणाच्या भावनेचा बारकाईनं अभ्यास केला. ज्यांना वॉर्डानं सामावून घेतलं ती मुलं प्रश्न विचारतात आणि शिकतात. ज्यांना घेतलं नाही त्यांची शक्ती सामावून जाण्याच्या धडपडीतच संपते. यातली धोक्याची बाब अशी की नाराजी ओढवू नये म्हणून काही जण चुकीची पद्धतही मुकाट स्वीकारतात. समोर चूक घडतेय, काय योग्य ते ठाऊक आहे, पण बोलण्याची सोय नाही; या अवस्थेला अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ साली नैतिक क्लेश असं नाव दिलं. पडदा न लावताच आजीचं अंग पुसलं जातंय आणि आपण ताट धरून उभ्या आहोत. रात्री झोप न येण्याला एवढंही पुरतं.

चुकीबद्दलची भीती तर सरळ जिवाशी येते. सुई टोचण्याचं उदाहरण घेऊ. वापरलेली सुई बोटाला लागते. मुलगी हातमोजा काढते, बोट पाहते, आणि पहिला विचार येतो: सिस्टरना कळलं तर? ती गप्प बसते. करायला हवं ते असं. जागा लगेच साबणपाण्यानं धुवायची, पिळायची नाही, आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. लाजेत गेलेला प्रत्येक तास यातूनच वजा होतो. हेही माहीत असावं की सुईवर एचआयव्हीबाधित रक्त असलं तरी लागण होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे हजारात तीन इतकं आहे. रात्रभर एकटीनं छताकडे पाहत काढलेल्या भीतीला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो, कारण तिनं कोणाला विचारलेलंच नसतं. आणि हिपॅटायटिस बी कितीतरी सहज पसरतो, त्यावर लस आहे; पोस्टिंगआधी तिचे सगळे डोस पूर्ण झालेत ना, ते पाहा.

रागावल्यानं चुका कमी होतात, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. शोध घेतल्यावर कारण कळलं: तिथं माणसं चुका सांगत होती. बाकीच्या ठिकाणी त्या दबून राहत होत्या. विद्यार्थ्याला चारचौघांत झापलं तर पुढची चूक होणार नाही असं नाही, ती आपल्यापर्यंत पोचणार नाही एवढं नक्की.

झोपेबद्दल थोडक्यात. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात आणि नजर यांच्या मेळाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं ढासळतं. अनेक देशांत एवढ्या प्रमाणावर गाडी चालवायला बंदी आहे. दिवसभर वर्ग करून रात्रपाळीला गेलेली मुलगी पहाटे नेमकी याच अवस्थेत सलाईन मोजत असते. पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, तेव्हा औषध सोबतच्या नर्सकडून दुहेरी तपासून घ्यावं. ड्यूटीच्या आधी झोप काढावी, मिळाली तर मध्यरात्री वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. कॅफिन पाळीच्या पहिल्या अर्ध्यात ठेवावं, कारण पाचेक तासांनंतरही त्याचा निम्मा भाग शरीरात उरलेला असतो. झोपेच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. औषधं ओळखता येतात म्हणून ती आपल्यावर वापरता येतात असा समज या पेशात सहज होतो, आणि तो महागात पडतो.

मग स्वतःला सांभाळायचं कसं? लॅझारस आणि फोकमन यांनी इथंही उपयोगी फरक केला. काही उपाय अडचणीवर चालतात, काही मनःस्थितीवर. दोन्हींत वरखाली काही नाही, फक्त जागा चुकू नये. औषधाच्या गणिताची भीती असेल तर दीर्घ श्वास घेऊन ती जाणार नाही, रोज दहा गणितं सोडवून जाईल. उलट, रुग्ण गेला ते बदलता येत नाही. तिथं "मी आणखी काय करायला हवं होतं" याची यादी करत बसणं म्हणजे न सुटणाऱ्या अडचणीवर रात्रभर काम करणं. तिथं रडणं, मैत्रिणीजवळ बोलणं, चालून येणं, वहीत पंधरा मिनिटं लिहून काढणं हेच योग्य उपाय ठरतात. लिहिताना रुग्णाची ओळख पटेल असं काही नसावं, आणि ते सोशल मीडियावर तर मुळीच टाकू नये.

श्वासाचा उपयोग आहे, पण त्याची जागा छोटी. प्रक्रियेला हात घालण्याआधी श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला, असं चार-पाच वेळा केलं, की हृदयाची गती थोडी उतरते. श्वास सोडताना ती उतरतच असते, आपण तो वेळ वाढवतो एवढंच. हात स्थिर व्हायला तेवढं पुरतं. वॉर्डाची रीत त्यानं बदलणार नाही, आणि तशी अपेक्षा कोणी विद्यार्थ्यांकडून करूही नये. भरपूर काम, शून्य मुभा आणि अपमान तसेच ठेवून मुलांना फक्त ध्यानाचं सत्र देणं मला पटत नाही.

एका सवयीवर लक्ष ठेवा: टाळणं. अवघड रुग्णाकडे जायचं नाही म्हणून लॅबमध्ये नमुने पोचवण्याचं काम मागून घेणं, लिननच्या खोलीत चादरी मोजत राहणं, पोस्टिंगच्या दिवशी पोट दुखणं. त्या वेळी हायसं वाटतं, म्हणूनच ती सवय चिकटते. एकदा दोनदा ठीक. आठवडाभर तेच चाललं असेल तर ज्याची भीती वाटते त्या कामाला एखाद्या सिस्टरबरोबर मदतनीस म्हणून उभं राहावं, मग अर्धं स्वतः करावं.

ताण आणि आजार यांतली रेषा कुठं? दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीचं काहीच नकोसं वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, वाचलेलं डोक्यात शिरत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जावं. "सगळ्यांनाच होतं हे" म्हणून अंगावर काढू नये. जगणं नकोसं वाटतंय असं मनात आलं तर मात्र वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि तातडीची मदत घ्यायची. खोलीतल्या मैत्रिणीबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का गं?" विचारल्यानं ते विचार मनात रुजत नाहीत, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालंय. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि मदतीच्या माणसापर्यंत सोबत जा. गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका.

वॉर्डातल्या सिस्टरवरही ओझं आहे. माणसं कमी, रुग्ण जास्त, त्यात शिकाऊ मुलांची भर. मी तिच्याकडून वेगळा तास मागत नाही. सकाळच्या हँडओव्हरनंतर त्या मधोमध उभ्या राहिलेल्या मुलीला नाव विचारावं आणि सांगावं, "आज तू माझ्याबरोबर. हे चार रुग्ण आपले. नऊ नंबरच्या आजोबांना बारापर्यंत पाणी द्यायचं नाही, ओठ ओले कर. अडलं की मला हाक मार." दुपारी निघताना मुलीनं न मागता तिच्या लॉगबुकवर सही करावी, आणि आज काय जड गेलं ते विचारून उत्तर येईपर्यंत थांबावं.